आरईटीव्हीत पास, हवेत नापास?

बिल्डिंग सायन्समध्ये पीएचडीला यायचं म्हणत असाल तर इको-निवास संहिता तुम्हाला वाचावीच लागेल. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये तिचा पहिला भाग आणला. निवासी इमारतींच्या भिंती, खिडक्या आणि छत यांच्यासाठी देशपातळीवरचा हा पहिला नियमसंच. इथे मी फक्त त्या पहिल्या भागाबद्दल बोलतोय.

संहितेचा कणा म्हणजे आरईटीव्ही. छत सोडून बाकीच्या बाह्य आवरणातून, थंडाव्याची गरज असते त्या काळात, दर चौरस मीटरला सरासरी किती वॉट उष्णता आत येते, तो हा आकडा. थंड प्रदेश सोडून सगळीकडे तो 15 च्या आत हवा. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी सूत्रातले सहगुणक आहेत 5.15, 1.31 आणि 65.21. पहिला भिंतीच्या यू-व्हॅल्यूला, दुसरा काचेच्या यू-व्हॅल्यूला, तिसरा काचेतून येणाऱ्या उन्हाला.

हे आकडे पाठ करू नका, हाताने एकदा घालून बघा. नऊ इंची विटांची भिंत, यू-व्हॅल्यू सुमारे 2. साधी काच, यू-व्हॅल्यू सुमारे 5.7 आणि ऊन आत सोडण्याचं प्रमाण 0.8. आवरणाच्या 15 टक्के खिडक्या. दिशेचा गुणक सोयीसाठी 1 धरा. भिंतीचे 8.8, काचेचे 1.1, उन्हाचे 7.8. बेरीज 17.7, म्हणजे नापास. आता विटेऐवजी एएसी ब्लॉक घ्या, यू-व्हॅल्यू 0.8. बेरीज 12.4. पास! एवढ्या साध्या गणितातून आर्किटेक्टला कळतं की पैसे भिंतीवर घालायचे की छज्ज्यावर. ही संहितेची खरी कमाई आहे, आणि ती लहान नाही.

माझी तक्रार पुढे सुरू होते. सावली मोजताना सूत्र खिडकीच्या आपल्याच छज्ज्याची आणि बाजूच्या फिन्सची दखल घेतं. समोरची इमारत त्याला दिसतच नाही. मानखुर्द-गोवंडीतली नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसन वसाहत घ्या. सात मजली इमारती आणि मध्ये जेमतेम 3 मीटर. (ती संहितेच्या आधीची आहे, त्यामुळे दोष संहितेचा नाही. आपण फक्त सूत्र तिथे लावून बघतोय.) खालच्या मजल्यावरच्या खिडकीत ऊन पोचतच नाही, म्हणजे आरईटीव्ही तिथे उष्णता फुगवून सांगणार. आणि तरी खोली कोंदट असणार, कारण स्वयंपाकाची, माणसांची उष्णता आणि दमटपणा बाहेर पडायला वाराच नाही. एसी नसलेल्या घरात त्रास असतो तो हा, आणि तो या आकड्यात कुठेच येत नाही.

वाऱ्यासाठी वेगळा नियम आहे, असं कुणी म्हणेल. आहे. उष्ण-दमट भागात उघडता येणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के हवं. 225 चौरस फुटांच्या घराला साधारण साडेतीन चौरस मीटर. सरकती खिडकी निम्मीच उघडते, हेही संहिता नीट लक्षात घेते. पण उघडणं कुठे आहे? व्याख्या वाचा: बाहेरच्या हवेत, व्हरांड्यात, कॉरिडॉरमध्ये किंवा शाफ्टमध्ये उघडणाऱ्या खिडक्या, सगळ्या चालतात. आता शाफ्टमध्ये काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको. ड्रेनेजचे पाइप, कबुतरं आणि खालच्यांच्या फोडणीचा वास. समुद्राकडची खिडकी आणि शाफ्टमधली खिडकी, दोन्हींना सारखेच मार्क. क्रॉस व्हेंटिलेशन आहे की नाही, तेही हे गुणोत्तर विचारत नाही.

हा प्रश्न आरामापुरता नाही. याच भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा क्षयरोगाच्या अंगाने झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दाट बांधणीच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये क्षयरोगाचं प्रमाण मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि खालच्या मजल्यांवर अधिक. पण हाही अभ्यास डोळे मिटून मानू नका. एका वेळच्या सर्वेक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. घरातली गर्दी, उत्पन्न, आधीचा आजार हे वेगळं काढणं अवघड आहे. मला त्यात वसाहतींच्या तुलनेपेक्षा मजल्यांची तुलना जास्त पटते, कारण एकाच इमारतीत वस्ती, रस्ता, दवाखाना सगळं सारखं असतं. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली असतील, तर कोण खाली आणि कोण वर हे नशिबावर ठरलं, आणि मग हा जवळजवळ प्रयोगच होतो. वाटपाची पद्धत आधी तपासायची ती यासाठी.

विषय शोधत असाल तर इथे एक तयार आहे. एकाच इमारतीच्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मजल्यावर कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि आर्द्रता किमान एक पावसाळा आणि एक मे महिना नोंदवा. मग तिन्ही घरांचं आरईटीव्ही आणि उघडं गुणोत्तर काढा. तिन्ही मजल्यांचा प्लॅन एकच असेल तर दोन्ही आकडे तिन्ही घरांना जवळजवळ सारखेच येतील. सेन्सरचे आकडे सारखे येतात का, ते बघा.