क्लिपबोर्डच्या पोटातले मराठी

या पानांत नाटकाचे परीक्षण येते, पुस्तकाचे येते, गणेशोत्सवातल्या गाण्यांचेही (जरा जास्तच कौतुकाने) येते. आपल्यापैकी निम्मी मंडळी संगणकाच्या धंद्यात असूनही, दिवसातून शंभरदा हाताळल्या जाणाऱ्या क्लिपबोर्डचे परीक्षण मात्र कोणी केल्याचे मला आठवत नाही. मला ते करावेसे वाटले याचे कारण घरचेच आहे. मंडळाच्या जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे, आणि त्यासाठी वर्डमधून कॉपी केलेला मजकूर पायथॉनच्या छोट्या प्रोग्रॅमने वाचावा लागतो.

‘फॉरमॅटिंग म्हणजे नट्टापट्टा, खरा मजकूर आत असतो’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीपुरते ते ठीक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण आपल्या टेबलावरच्या संगणकांत देवनागरी सरळपणे उमटायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. तोवर आपण शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप करत होतो. त्या फाइलीत ‘क’ नावाचे अक्षर नसतेच. असते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फाँट त्याच्या जागी ‘क’चे चित्र दाखवतो. असा मजकूर साधा करून चिकटवला की फाँटचे नाव गळते आणि उरते रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची खिचडी. म्हणजे तिथे फॉरमॅट हाच अर्थ आहे.

सुदैवाने क्लिपबोर्ड एकच वस्तू ठेवत नाही. कापा-चिकटवाची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रूढ केली. आजच्या विंडोजवर वर्डमधून एक परिच्छेद उचलला तर साधा मजकूर, आरटीएफ आणि एचटीएमएल अशी त्याची निरनिराळी रूपे एकाच वेळी ठेवली जातात. घेणाऱ्याने हवे ते घ्यावे. ही योजना मला मनापासून आवडते.

खटकते ते एचटीएमएल रूपाचे बाड. विंडोजवर त्याच्या माथ्यावर चार-पाच ओळींची पत्रिका असते: आवृत्ती, एचटीएमएल कुठे सुरू होते व संपते, आणि प्रत्यक्ष उचललेला तुकडा कुठून कुठवर आहे. हे आकडे बाइट्समध्ये मोजलेले असतात, अक्षरांत नव्हे, आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १५ बाइट्स होतात. प्रोग्रॅमने आधी सगळ्याचे अक्षरांत रूपांतर केले आणि मग पत्रिकेतल्या आकड्यांवर कात्री चालवली, तर तुकडा भलतीकडेच कापला जातो. आधी कापायचे, मग उलगडायचे, हाच क्रम बरोबर. इंग्रजी मजकुरावर ही चूक वर्षानुवर्षे कळतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. पाहुणा देवनागरीतून आला की घराचा वासा वाकडा असल्याचे दिसते!

बाइट्स मोजण्याला माझा आक्षेप नाही; नियमावलीत ते स्पष्ट लिहिलेले आहे. आक्षेप आहे तो मध्ये बसून तयार अक्षरमाला हातात ठेवणाऱ्या आणि वर तेच बाइट्सचे आकडे तसेच पुढे करणाऱ्या सोयींवर. पायथॉनची पायविन३२ ही जोड याबाबतीत प्रामाणिक आहे. ‘एचटीएमएल फॉरमॅट’ या नावाने मागितले तर ती कच्चे बाइट्स देते. पायथॉनसोबतच येणारे टीकेइंटर विंडोजवर साध्या मजकुरापलीकडे जात नाही. पॉवरशेलची गोष्ट तर उलटीच. ५.१ आवृत्तीत क्लिपबोर्डवरून एचटीएमएल मागता येत असे. सातव्या आवृत्तीत फक्त साधा मजकूर मिळतो. मॅकवर ॲपलस्क्रिप्ट एचटीएमएल देते, पण सोळाच्या पायावरच्या आकड्यांची माळ करून. लिनक्सचा एक्सक्लिप मला सर्वांत सभ्य वाटला: कोणकोणती रूपे आहेत ते आधी विचारा, मग त्यातले एक नाव घेऊन मागा. (तिथे मूळ प्रोग्रॅम बंद केला की माल बऱ्याचदा गायब होतो, हे खरे.)

आणखी एक खाच आहे, आणि आपल्या कामात तीच मोठी ठरते. बहुतेक नमुना-प्रोग्रॅम फक्त तुकडा कापून घेतात. वर्ड मात्र शैलींची व्याख्या तुकड्याच्या बाहेर, वरच्या भागात ठेवते. संपूर्ण लेख ‘नॉर्मल’ शैलीत असेल आणि त्या शैलीचा फाँट शिवाजी असेल, तर तुकड्यात केवळ शैलीचे नाव सापडते. ‘शिवाजी’ हा शब्द वरच राहतो. म्हणून मी पूर्ण एचटीएमएल घेतो, आणि शंका आली तर आरटीएफमधली फाँटांची यादी ताडून पाहतो.

एवढा खटाटोप कशाला? मंडळाच्या एका दिवंगत संस्थापक सभासदाने इथल्या पहिल्या हिवाळ्यावर लिहिलेला लेख या फाइलींत आहे. मजकूर शिवाजीत, आणि मधेच रस्त्यांची, दुकानांची, शेजाऱ्यांची नावे टाइम्समध्ये, इंग्रजीत. फाँट न पाहता सरसकट रूपांतर केले तर त्या शेजारणीच्या नावाचेही देवनागरी गाठोडे होते. तिने त्यांना बर्फ उपसायला शिकवले होते. तिचे नाव त्या लेखाखेरीज आपल्या कुठल्याच कागदात नाही. प्रत्येक शब्दाचा फाँट तपासून रूपांतर केल्यावर ते नाव जसेच्या तसे राहिले.

ज्या सभासदांकडे जुन्या लेखांच्या फाइली असतील त्यांनी मूळ फाइलच पाठवावी, ई-मेलमध्ये साधा मजकूर करून चिकटवू नये. आणि कोणता फाँट वापरला होता ते आठवत असल्यास सोबत जरूर कळवावे.