बग नोंदवायची वही कुणासाठी?

बग ट्रॅकर निवडायची वेळ आली की बहुतेक गट सोयींचा तक्ता मांडून बसतात. कशात आलेख आहेत, कशात मोबाइल ॲप आहे, कशात किती रंगांची लेबलं. आमचं म्हणणं असं, की तीन-चार जण फावल्या वेळात चालवतात त्या मुक्तस्रोत प्रकल्पाला हा तक्ता फारसा कामाचा नाही. तिथे दोनच प्रश्न विचारावेत. ज्याला बग दिसला, त्याला तो सांगता येतो का? आणि उद्या बिऱ्हाड हलवावं लागलं, तर जुन्या नोंदी बरोबर येतात का?

मराठी फॉन्टचंच घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. फॉन्टमध्ये तो अर्धा र नीट बसला नाही, तर फरक पुसला जातो. हे आधी कुणाच्या लक्षात येणार? मुद्रितशोधकाच्या, शाळेतल्या बाईंच्या. आता साधनं या बाईंच्या बाजूने तपासून बघू.

बगझिला 1998 पासून आहे, मोझिलातून आलेलं. ते विचारतं: उत्पादन कोणतं, घटक कोणता, आवृत्ती कोणती, गांभीर्य किती? हजारो नोंदी येतात तिथे ही चाळणी लागतेच. तो त्याचा दोष नाही. पण चार जणांच्या प्रकल्पात बाई 'घटक' या शब्दापाशीच थांबतील. शिवाय सर्व्हर, डेटाबेस आणि अद्ययावत ठेवण्याचं काम गळ्यात पडतं ते वेगळंच.

डेबियनची पद्धत उलटी. खातं नको, नुसतं ईमेल पाठवा. दार उघडं ठेवण्याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. मात्र पत्राच्या सुरुवातीला पॅकेजचं नाव आणि आवृत्ती ठरावीक साच्यात लिहायची असते, आणि पत्र पत्त्यासकट सार्वजनिक होतं. बाईंना हे आधी सांगायला हवं.

गिटहबवर कोड आहे, तिथेच इश्यूही. बसवायचं काही नाही, प्रोग्रामर मंडळी तिथे आधीच आहेत. पण बाईंना खातं काढावं लागतं, तेही इंग्रजी पडद्यावर. आणि इथेच दुसरा प्रश्न येतो. गिटने क्लोन केलं की कोडचा सगळा इतिहास आपल्या संगणकावर येतो. इश्यू येत नाहीत. त्या कंपनीच्या सर्व्हरवरच राहतात, वेगळ्या काढून घ्याव्या लागतात.

यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. गूगल कोड 2006 साली सुरू झालं आणि जानेवारी 2016 मध्ये बंद झालं. मुदत दिली होती, हलवायची साधनंही दिली होती. पण त्या मुदतीत ज्या प्रकल्पाकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं, त्याचं काय? पायथनने 2022 साली आपला जुना ट्रॅकर सोडून गिटहब धरलं, तेव्हा नोंदींचे क्रमांक बदलले. जुने दुवे चालू ठेवायची तजवीज त्यांनी केली, कारण करायला माणसं होती. छोट्या प्रकल्पात कोडमधल्या टीपेत 'बग 112 बघा' असं लिहिलेलं असतं आणि 112 कुठे गेला ते कुणालाच माहीत नसतं.

फॉसिलने हा प्रश्न मुळातच सोडवलाय: तिकिटं आणि कोडचा इतिहास एकाच फाइलमध्ये. पण त्यासाठी गिट सोडावं लागतं, आणि नवा मदतनीस बहुधा गिटच शिकून आलेला असतो.

तेव्हा आमचा कौल असा. कोड जिथे आहे तिथलाच ट्रॅकर वापरा. स्वतःचा सर्व्हर मांडू नका. पण सोबत एक ईमेल पत्ता ठेवा आणि मराठीत तीनच प्रश्न विचारा: काय केलंत, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं? चित्र जोडायला सांगा. आलेलं पत्र गटातल्या एकाने, पाठवणाऱ्याचा पत्ता न देता, ट्रॅकरमध्ये उतरवायचं आणि उलट उत्तरही द्यायचं. हे रोजचं काम आहे. कुणाचं, ते नाव घेऊन ठरवा. दर महिन्याला सगळ्या नोंदींची प्रत आपल्या डिस्कवर उतरवा.

एवढं करायला कुणीच तयार नसेल, तर साधन कोणतंही निवडा, बाई दुसऱ्यांदा लिहिणार नाहीत. आणि 'दऱ्या'ची चूक तशीच छापली जात राहील.