पोकळीचे मोल

मराठी भाषेने ‘पोकळ’ या शब्दावर फार अन्याय केला आहे. मोठे घर पोकळ वासा, पोकळ बढाई, पोकळ डौल! जिथे म्हणून काही खोटे दाखवायचे असेल तिथे आपण हा शब्द पुढे करतो. पण एखाद्या वाद्य करणाऱ्या कारागिराला विचारून पाहा. त्याची सारी उमेदवारी पोकळी राखण्यातच गेलेली असते. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. तो वाळवायचा, कापायचा, आतून साफ करायचा आणि मग त्याच्यावर लाकडाची तबली चढवायची. तार छेडल्यावर जे कानी पडते त्यातला किती भाग तारेचा आणि किती त्या रिकाम्या भोपळ्याचा, हे सांगणे कठीण आहे. भोपळ्यात भुसा भरून पाहा, म्हणजे तंबोरा मुका होतो.

हे सारे आठवण्याचे कारण माझा भाचा. माझी धाकटी बहीण नेसरीतच दिली आहे. तिचा मुलगा गडहिंग्लजला नोकरीला लागून दोन वर्षे झाली. वैशाखात एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि बराच वेळ आंब्यांविषयी बोलून झाल्यावर म्हणाला, “मामा, गिटार घ्यायची आहे. विजेवरची. सेमी-हॉलो.”

“म्हणजे काय रे?”

“अर्धी पोकळ.”

“आणि उरलेली अर्धी?”

“भरीव.”

“मग वाजते कुठली अर्धी?”

तो हसला. मीही हसलो. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन वर्षांत त्याने चाळीस हजार रुपये साठवले होते. माझ्या बहिणीने त्यांतला एक रुपयाही मागितला नाही. पण बोलता बोलता तिने दोनदा सोप्यावरच्या पत्र्यांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. गावात मला गाण्यातले कळते असा एक समज आहे. त्यामुळे भाच्याला माझ्या तोंडून ‘घे’ हवे होते, आणि बहिणीला, तिने तसे म्हटले नाही तरी, ‘नको’ हवे होते. टीकाकाराच्या वाट्याला येणारा हा नेहमीचाच प्रसंग. मी दोघांनाही म्हटले, “आधी परीक्षा करू.”

नेसरीचे नाव निघाले की प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सात स्वार इथल्या खिंडीत शत्रूच्या फौजेवर तुटून पडले. त्यांनी हिशेब केला नाही, म्हणूनच त्यांचे स्मारक झाले. पण बाजारात उतरणाऱ्या माणसाने तो कित्ता गिरवू नये. तिथे हिशेब न करणाऱ्याचे स्मारक होत नाही, हसे होते.

तर हे वाद्य अर्धेच पोकळ का? त्याचे उत्तर आपल्या गावच्या मांडवातही मिळते. गणपतीच्या दिवसांत लाऊडस्पीकरसमोर माईक आला की तो कसा किंचाळतो, हे लहान मूलही जाणते. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि हे चक्र थांबत नाही. पोकळ गिटारीचे नेमके हेच झाले. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० ही विजेवरची पोकळ गिटार बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चनसारख्या वादकाने ती जॅझच्या बैठकीत पुढच्या रांगेत आणून बसवली. पण आवाज वाढवावा तसे ते पोकळ पोट स्वतःच थरथरू लागे, ती थरथर तारांतून पुन्हा स्पीकरकडे जाई, आणि गाण्याऐवजी हंबरणे ऐकू येई. यावर लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास एक गमतीचा उपाय काढला. त्याने चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि दिसायला बरे म्हणून एका गिटारीच्या दोन कुशी कापून ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडल्या. लोकांनी त्याला नावच ‘ओंडका’ दिले. पुढे १९५८ साली गिब्सनने ईएस-३३५ काढली. तिच्या दोन्ही कुशी पोकळ, आणि मधोमध मेपलच्या लाकडाचा एक ठोकळा. त्या ठोकळ्याने पोटाची थरथर आवरली, कुशींनी थोडा श्वास राखला. भाच्याच्या ‘अर्ध्या पोकळ’ गिटारीचे कूळ हे असे आहे.

हे कळल्यावर माझा पूर्वग्रह थोडा सैल झाला. तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला विजेवरचे वाद्य म्हणजे उसन्या आवाजाचे वाद्य वाटते. परंतु गिटार आपल्याला परकी राहिलेली नाही. ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर घेऊन राग वाजवले. १९६७ची शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका कितीतरी घरांत वाजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी या वाद्याला जागा मिळवून दिली. तेव्हा प्रश्न वाद्याच्या जातीचा नव्हता. हे एक वाद्य, या पैशांत, या मुलासाठी, योग्य की अयोग्य, एवढाच होता.

शहरातल्या पहिल्या दुकानात भाच्याचे डोळे एका गिटारीवर खिळले. गडद लाल रंग, सोनेरी खुंट्या, आरशासारखी झिलई. किंमत एकोणचाळीस हजार. दुकानदार लगबगीने तारेचे टोक ॲम्प्लिफायरमध्ये खुपसू लागला. मी म्हटले, “आधी विजेशिवाय ऐकवा.” त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी साडी न उलगडता तिची किंमत विचारली होती. खरे पाहता उलटेच होते. साडी उलगडायला मीच सांगत होतो.

माझे मत आजही तेच आहे. वीज आवाज मोठा करते. चांगला करीत नाही. भरीव गिटारीत सारा भार विजेवर टाकता येतो. अर्धपोकळ गिटार घेण्याला मात्र अर्थच असा आहे, की तिच्या कुशींत स्वतःचे काही आहे. ते विजेशिवाय ऐकू आले नाही, तर पैसे कशाचे मोजायचे? सोनेरी खुंट्यांची ती गिटार कानाजवळ धरली. तार छेडली की आवाज उठे आणि लगेच विरे. बाराव्या पडद्यापाशी तर एक तार पडद्यांवर घासून खरखरत होती. मग मी मानेवरून हात फिरवला. पडद्यांची टोके बोटांना बोचली. रूप होते, पण हात फिरवलेला नव्हता.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगून टाकतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांची ती होण्याचा संभव आहे. दुसऱ्या दुकानात साध्या तपकिरी रंगाची एक गिटार होती. तिच्या पोटावर, इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची जी दोन भोके असतात, त्यांच्या कडेला लाकडाचे थर स्पष्ट दिसत होते. मी भाच्याला बाजूला घेऊन म्हटले, “प्लायवूड आहे रे हे! फसवताहेत.” तो शांतपणे म्हणाला, “मामा, १९५८च्या मूळ गिटारीचं पोटही थरांचंच होतं.” मी पुढे पडताळून पाहिले. पोरगा बरोबर होता. मूळ नमुन्यातही मेपलचे थर आणि त्यांच्यामध्ये पॉप्लर, असेच लाकूड आहे. थरांचे लाकूड ताठ असते, त्यामुळे हंबरणे कमी. आणि ते हवेतल्या ओलाव्याने सहजी फुगत-आकसत नाही. आमच्याकडे आजरा-चंदगडच्या बाजूने पाऊस एकदा सुरू झाला की भिंतीही घामेजतात. तिथे अखंड फळीपेक्षा हे थरच बरे. तंबोऱ्याचा न्याय मी गिटारीला लावायला निघालो होतो. एका कलाकृतीचे निकष दुसरीवर लादणाऱ्या टीकाकारांना मी आजवर हसत आलो; त्या दिवशी भाच्याने मला हसण्याचा हक्क मिळवला.

मग आम्ही दोघांनी मिळून परीक्षेचे नियम ठरवले. दिवाळीच्या खरेदीत कुणाच्या घरी असाच हट्ट निघाला असेल, तर ते उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिले, विजेरी घेऊन जावे आणि एफच्या भोकातून आत पाहावे. मध्ये ठोकळ्याची भिंत दिसली तर वाद्य अर्धपोकळ. आरपार दिसले तर पूर्ण पोकळ. बाहेरून दोन्ही बहिणी-बहिणी दिसतात. बीटल्सनी वाजवलेली एपिफोनची ‘कॅसिनो’, जी १९६१ साली निघाली, तिच्यात ठोकळा नाही. ग्रेचच्या ‘स्ट्रीमलायनर’ मालिकेत दोन्ही प्रकार मिळतात. पूर्ण पोकळ वाईट असे नव्हे. पण तिला मोठ्या आवाजात सांभाळणे हे निराळे कसब आहे. बी. बी. किंग यांच्या ‘ल्युसिल’ या गिटारीवरून १९८० साली जो नमुना निघाला, त्यात ठोकळा असूनही हंबरणे टाळण्यासाठी भोकेच ठेवलेली नव्हती, यावरून काय ते समजावे.

दुसरे, सुतार फळी पाहतो तशी एका टोकाकडून मान पाहावी. तार पहिल्या पडद्यावर आणि पोटाजवळच्या पडद्यावर दाबली असता मधल्या पडद्यांवर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट राहावी. थोडेफार उणे-अधिक असेल तर मानेतली लोखंडी सळई फिरवून ते दुरुस्त होते. पिळवटलेली मान मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

तिसरे, बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर एकच लागतो का, ते ऐकावे. लागत नसेल तर घोडी सरकवून लावता येते, आणि दुकानदाराकडून ते समोर करवून घ्यावे. बेसूर वाद्यावर शिकणाऱ्याचा कानही बेसूर होतो. ते नुकसान पैशांत मोजता येत नाही.

चौथे, आता वीज जोडावी आणि हात तारांपासून दूर ठेवून ऐकावे. पिकअपमध्ये दोन उलट वेटोळी असली, तर घरातल्या विजेची घूं-घूं एकमेकींत पुष्कळशी मिटते; गिब्सनने १९५७पासून ही युक्ती वापरली. मग आवाज हळूहळू वाढवीत न्यावा आणि वाद्य कुठे हंबरू लागते ते पाहावे.

पाचवे, सारे पैसे वाद्यावर घालू नयेत. ॲम्प्लिफायर, नव्या तारा आणि कारागिराकडून एकदा बैठक लावून घेणे, यांसाठी निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. १९९७ची एपिफोनची ‘डॉट’ किंवा २००२पासूनची आयबानेझची ‘आर्टकोर’ मालिका यांनी हा प्रकार बेताच्या खिशापर्यंत आणला हे खरे. पण नाव पाहून घेतलेले वाद्यही हात फिरवून घेतल्याशिवाय पुरते बोलत नाही.

आणि या साऱ्याच्या आधी एक प्रश्न. मुलाला वाजवायचे काय आणि कुठे? मोठ्या ऑर्केस्ट्रात, कर्कश आवाजातच वाजवायचे असेल, तर भरीव गिटार स्वस्तही पडते आणि बिनघोरही. माझ्या भाच्याला वाजवायचे होते रात्री, कामावरून आल्यावर, सोप्यात, आईला झोप लागली असताना. भरीव गिटार विजेशिवाय जवळजवळ मुकी. लाकडी साधी गिटार साऱ्या घराला उठवील. या मधल्या जागेसाठीच हे मधले वाद्य आहे. हा मुद्दा त्याने पहिल्याच दिवशी सांगितला असता, तर माझे निम्मे आक्षेप तिथेच गळून पडले असते. पण तरुण माणसे खरे कारण शेवटी सांगतात.

ती तपकिरी गिटार एकोणतीस हजारांना घेतली. जुना पण चांगला ॲम्प्लिफायर सात हजारांना, तारा आणि कारागिराचा हात मिळून एक हजार. तीन हजार उरले. सोप्याचे पत्रे तेवढ्यात होत नाहीत. पण घोड्याच्या नालाएवढे जे भोक होते त्यावरचे दोन पत्रे बदलून झाले. बाकीचे पुढल्या वर्षी, असे भाच्याने आईला सांगितले आहे, आणि मी त्याला साक्षीदार आहे.

आषाढात एका रात्री मी त्यांच्याकडेच होतो. पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली. भाचा अंधारात गिटार घेऊन बसला. ॲम्प्लिफायर मुका होता, पण कुशी बोलत होत्या. पावसाच्या आवाजाखालून स्वर जेमतेम माझ्यापर्यंत येत होते. बहीण झोपली असेल असे मला वाटले होते. इतक्यात आतून तिचा आवाज आला, “अरे, थांबलास का? वाजव की.”