काळी, पांढरी आणि माळ : राळेगणसिद्धी येथील बांधकामांची जैवविविधतेच्या दृष्टीने चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाविषयी गेल्या चार दशकांत विपुल लेखन झाले आहे. गणेश व वसुधा पांगारे यांचे ‘फ्रॉम पॉव्हर्टी टू प्लेन्टी’ (१९९२) हे पुस्तक या गावाच्या परिवर्तनाची सविस्तर कहाणी सांगते. त्याच्या दुसऱ्या टोकाला मुकुल शर्मा यांचा २००६ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झालेला लेख आहे. या परिवर्तनामागील नैतिक अधिकार, शिस्त आणि जातिव्यवस्था यांविषयी तो मूलभूत प्रश्न उपस्थित करतो. या दोन टोकांमध्ये गौरवपर लेख, शासकीय पुस्तिका आणि अभ्यासदौऱ्यांचे अहवाल येतात. या लेखनातील मतभेद मोठे आहेत. परंतु एका बाबतीत त्यातील बहुतेकांचे साम्य आहे. गाव बदलले हे सांगण्यासाठी विहिरींचे पाणी, ओलिताचे क्षेत्र, दुधाचे उत्पादन आणि लावलेली झाडे यांचीच मोजदाद केली जाते. या गावाच्या शिवारात माणसाखेरीज आणखी कोण राहते, त्यांचे या बदलात काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न बांधकामांच्या संदर्भात विचारला आहे. ‘बांधकाम’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. घर, शाळा, मंदिर ही जशी बांधकामे आहेत तशीच पाझर तलाव, नालाबांध, समतल चर आणि विहीर हीही बांधकामेच होत. किंबहुना ग्रामीण महाराष्ट्रात भूमीचे रूप सर्वाधिक बदलले ते या दुसऱ्या प्रकारच्या बांधकामांनी.

विवेचनाच्या सोयीसाठी गावगाड्यातील जुन्याच संज्ञा स्वीकारल्या आहेत. पिकाऊ जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. या दोहोंच्या पलीकडे असतो तो ‘माळ’. बांधकामाने स्थानिक जैवविविधतेला हातभार लागतो काय, या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

काळी : अडविलेले पाणी

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. त्यांच्या कार्याची सुरुवात यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराने झाली. त्यानंतरचे महत्त्वाचे काम शासनाने बांधलेल्या पाझर तलावाचे. तलाव होता, पण त्याचा बांध गळत असल्याने पाणी टिकत नव्हते. ग्रामस्थांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि खालच्या बाजूच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले, असे या कामाविषयी सांगितले जाते. म्हणजे राळेगणच्या कहाणीच्या प्रारंभी जी दोन बांधकामे आहेत, ती दोन्ही दुरुस्तीची आहेत. असलेले बांधकाम नीट करणे हा नव्या बांधकामापूर्वीचा विचार होता, ही बाब गौरवपर लेखनात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

पुढे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी केलेल्या पाणी पंचायतीच्या प्रयोगाचा आधार घेऊन माथा ते पायथा अशी जलसंधारणाची कामे झाली. उतारावर समतल चर, ओघळींत अनघड दगडांचे बांध, नाल्यांवर मातीचे बांध आणि खाली पाझर तलाव असा त्यांचा क्रम. या कामांचा हेतू जैवविविधता हा नव्हता; हेतू विहिरीला पाणी हा होता. तथापि त्यांच्या रचनेत काही गुण असे होते की, ते इतर जीवांच्याही उपयोगी पडावेत.

अनघड दगडांचा बांध हे याचे उत्तम उदाहरण. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडांमधील फटी तशाच राहतात. पाणी अडते, गाळ मागे साठतो, आणि फटींत पाली, सरडे, विंचू, बेडूक, मुंगूस यांना आसरा मिळतो. साठलेल्या गाळात प्रथम गवत येते, मग बोर-बाभळीची रोपे आपोआप उगवतात. पाझर तलावाचे काठ उताराचे असतात आणि पाणी हिवाळ्यानंतर हळूहळू ओसरते. त्यामुळे उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यावर तुतवार, शेकाट्या, धोबी यांसारखे पक्षी उतरतात. काठ उभा आणि काँक्रीटचा असेल तर हा पट्टाच नाहीसा होतो. पाणी तेवढेच असले तरी त्याच्या कडेचे जीवन उरत नाही.

या दृष्टीने महाराष्ट्रात पुढे झालेल्या कामांशी तुलना उद्बोधक ठरेल. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण यंत्रांच्या साह्याने मोठ्या प्रमाणावर झाले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सूत्र तेच. पण नाल्याच्या दोन्ही काठांवरील झुडपे, करंज-उंबराची झाडे आणि पात्रातील वाळू-गोटे यांच्या जागी सरळ कापलेली खंदकासारखी पात्रे आली. पाण्याच्या आकड्यात दोन्ही कामे एकाच रकान्यात बसतात. जीवसृष्टीच्या दृष्टीने मात्र एक बांधकाम आश्रय निर्माण करते आणि दुसरे तो हिरावून घेते. काळीच्या बाबतीत राळेगणचे देणे मोठे आहे. परंतु ते पाणी अडविण्यात जितके आहे, तितकेच हाताने, दगडमातीने आणि सावकाश केलेल्या कामाच्या पद्धतीत आहे.

माळ : ‘ओसाड’ या शब्दाचा परिणाम

माळाच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. राळेगणविषयीच्या लेखनात ‘उजाड’, ‘ओसाड’, ‘बोडके डोंगर’ ही विशेषणे वारंवार येतात. १९७२ च्या दुष्काळानंतरची अतिचराई आणि वृक्षतोड पाहता ती निराधार नाहीत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांमुळे जमिनीला उसंत मिळाली, मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते पुन्हा वाढण्यास अवकाश मिळाला, हा या नियमांचा सर्वांत मोठा पर्यावरणीय लाभ मानावा लागेल. शेजारच्या हिवरे बाजारलाही चराईबंदीनंतर कापून न्यावयाच्या गवतात झालेली वाढ सर्वज्ञात आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे की, हा लाभ काही बांधल्याने वा लावल्याने झालेला नाही. तो थांबल्याने झालेला आहे.

परंतु लेखनात आणि शासकीय अनुकरणात गवताची जागा झाडाने घेतली. राळेगणला लाखोंच्या संख्येने झाडे लावली गेल्याचे सांगितले जाते आणि हीच संख्या इतर गावांसाठी आदर्श ठरली. पर्जन्यछायेतील पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांचा माळ हा मुळात तुटलेल्या जंगलाचा अवशेष नाही. विरळ हिवर-बाभळी आणि विस्तीर्ण गवत हीच त्याची स्वाभाविक अवस्था. चंडोल, माळटिटवी, धाविक, तित्तिर, खोकड, लांडगा, चिंकारा ही त्याची प्रजा. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांच्या माळांवर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. हे दोन्ही प्राणी उघड्या गवताळ प्रदेशाचे आहेत. माळढोकाच्या अधिवासात केलेली वृक्षलागवड त्या पक्ष्याला प्रतिकूल ठरली, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. आज महाराष्ट्रातून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

भारताच्या पडीक जमिनींच्या शासकीय नकाशांत खुरटी झुडपे व गवत असलेल्या जमिनींचा समावेश ‘पडीक’ या वर्गात होत आला आहे. शब्द एकदा असा निश्चित झाला की पुढील कृती जणू ठरूनच जाते. जे ओसाड आहे ते भरून काढावयाचे. मग ते गिरिपुष्पाच्या रोपांनी असो, सुबाभळीने असो, की सौर पट्ट्यांनी, गोदामांनी आणि भूखंडांनी असो. या शब्दाची किंमत केवळ पशुपक्षी मोजतात असेही नाही. पारनेर तालुक्यातीलच धवळपुरी परिसरातील मेंढपाळ धनगरांची उपजीविका याच माळावर उभी आहे. चराईबंदीने गावाच्या गायी-म्हशींना गोठ्यात वैरण मिळाली. फिरत्या मेंढरांनी कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर आदर्श गावाच्या प्रतिमानात आढळत नाही.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकानेही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांकडून माळावर ओळीने खड्डे खोदून घेतले आहेत. एका विद्यार्थ्याने खड्ड्याच्या नियोजित जागी टिटवीची अंडी दाखविली तेव्हा खड्डा दोन हात बाजूला घेण्यात आला आणि ओळ पुढे गेली. टिटवी त्या जागी परतली नाही. अहवालात रोपांची संख्या अचूक नोंदविली गेली; टिटवीसाठी त्यात रकाना नव्हता.

पांढरी : भिंतीतील फटी

पांढरीतील बांधकामांकडे जैवविविधतेच्या दृष्टीने पाहण्याची आपल्याकडे सवयच नाही. या भागातील जुनी घरे धाब्याची. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर किलचे आणि वर पांढऱ्या मातीचा थर. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे राहणारी पोकळी चिमणीला पुरे. कोनाडे, सवणे, गोठ्याचे आढे यांत साळुंकी, पाकोळी आणि वटवाघळे राहत. जुन्या बांधीव विहिरीच्या दगडांतील सांदीत पारवे, आणि पाण्यावर ओणवलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी, हे दृश्य तर मराठी वाचकाच्या परिचयाचेच आहे. पडक्या भिंतीतील पिंगळा रात्री उंदीर व किडे टिपतो, म्हणजे तो धान्याच्या कणगीचा राखणदारही होता.

ही घरे आदर्श होती असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यांत गळती होती, अंधार होता, विंचू-सापाचे भय होते आणि दरवर्षी माती चढविण्याचे कष्ट होते. ते बहुतांशी बायकांच्या आणि मजुरांच्या वाट्याला येत. पक्के घर ही ग्रामीण कुटुंबाची रास्त आकांक्षा आहे. प्रश्न एवढाच की, सिमेंटच्या सपाट भिंती, बंद सज्जे, फरसबंद अंगण आणि काँक्रीटच्या गल्ल्या यांनी पांढरीतील इतर रहिवाशांना बेघर करणे अपरिहार्य आहे काय? तसे ते नाही. सज्ज्याखाली एक-दोन पोकळ विटा, अंगणाचा एक कोपरा मातीचा, सांडपाण्यासाठी परसबागेतील शोषखड्डा, विहिरीच्या कठड्याखाली न भरलेल्या दोन-चार सांदी आणि सार्वजनिक इमारतीभोवती लोखंडी कुंपणाऐवजी सागरगोटा-बोरीचे जिवंत कुंपण यांचा खर्च नगण्य आहे. गावाच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या इमारतीत आणि मंदिराच्या सभामंडपात हे आधी झाले, तर घरांत ते पुढे आपोआप येईल. राळेगणचे परिवर्तन मंदिरापासूनच सुरू झाले होते, हे येथे स्मरणात ठेवणे उचित ठरेल.

मोजमापाचा प्रश्न

या साऱ्याचे मूळ मोजमापात आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांना पूर्वपरवानगीची अट २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून लागू झाली. गावातील घर, शाळा वा तलाव या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्यान्वये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के निव्वळ वाढ दाखविणे बंधनकारक झाले आणि ती ३० वर्षे टिकविण्याची जबाबदारीही आली. अधिवासाचे गुणांमध्ये रूपांतर करण्याच्या या पद्धतीवर तेथेही टीका होते, आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे सुचविण्याचा उद्देश नाही. परंतु तिच्यातील एक तत्त्व घेण्याजोगे आहे : बांधण्यापूर्वी त्या जागेवर काय आहे हे नोंदविले पाहिजे.

त्यासाठी आपल्याकडे साधन नाही असेही नाही. माधव गाडगीळ यांच्या मांडणीतून आलेली लोकजैवविविधता नोंदवही २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि २००४ च्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेच्या कार्यकक्षेत आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र ग्रामसभेत बंधाऱ्याचा, रस्त्याचा वा सभागृहाचा ठराव होताना ही नोंदवही समोर उघडली जात नसेल, तर ती केवळ कपाटातील दस्तऐवज ठरते.

निष्कर्ष

१. राळेगणसिद्धीच्या जलसंधारणाच्या बांधकामांत स्थानिक जीवसृष्टीला उपकारक अशी क्षमता आहे. ती पाण्याच्या साठ्याइतकीच दगडमातीच्या, फटी राखणाऱ्या आणि उताराच्या काठांच्या रचनेमुळे आहे.

२. माळाच्या बाबतीत खरा लाभ जमिनीला दिलेल्या विश्रांतीचा व गवताचा होता. अनुकरणात मात्र वृक्षसंख्या पुढे आली आणि ती गवताळ प्रदेशास मारक ठरू शकते. माळावर कोणतेही काम घेण्यापूर्वी तो ‘ओसाड’ आहे हे गृहीतक तपासले पाहिजे आणि तेथील मेंढपाळांना त्या निर्णयात स्थान मिळाले पाहिजे.

३. पांढरीतील नव्या बांधकामांत अल्प खर्चाच्या योजनांनी पक्षी व अन्य जीवांना जागा राखता येते. त्याची सुरुवात सार्वजनिक इमारतींपासून व्हावी.

४. ग्रामसभेच्या प्रत्येक बांधकाम ठरावास लोकजैवविविधता नोंदवहीतील संबंधित नोंद जोडली जावी. महाविद्यालयांच्या शिबिरांनी खड्डे खोदण्याआधी एक दिवस या नोंदींसाठी द्यावा.

राळेगणसिद्धीने महाराष्ट्राला पाणी मोजावयास शिकविले. त्या शिकवणीचा पुढील धडा गिरविण्याची जबाबदारी केवळ त्या गावाची नाही. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावी जाणाऱ्या आपणा अध्यापकांचीही ती आहे. निदान पुढील शिबिराच्या अहवालात टिटवीसाठी एक रकाना असावा, एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरू नये.