अंधार बघताना आपण कुठे उभे असतो?

सुरुवातीलाच खुलासा करून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची फसवणूक झाल्यासारखं व्हायला नको. मी समीक्षक नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता वाचतो. आज जे बोलणार आहे ती एका वाचकाची मतं आहेत. पटली तर घ्या, नाही पटली तर चहाच्या वेळी भांडू.

झालं असं, की गेल्या महिन्यात मुलगी घरी आली होती. माझ्या उशाशी चार पुस्तकं पडलेली. तिनं चाळली आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं असलंच काय वाचताय? झोप लागते का रात्री?" मी म्हटलं, लागते की. पण ती गेल्यावर लागली नाही. कारण प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणसं एकमेकांशी वाईट वागतात हे पेपरात रोज फुकट वाचायला मिळतं. मग पैसे देऊन, चष्मा लावून, रात्री जागून तेच का वाचायचं?

ती चार पुस्तकं अशी होती. विवेक शानभाग यांची मूळ कन्नड कादंबरी 'घाचर घोचर', मी ती श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादात वाचली. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका', हे पुन्हा वाचत होतो. हान कांग या कोरियन लेखिकेची 'द व्हेजिटेरियन'. आणि पॅट्रिशिया हायस्मिथची १९५५ सालची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली'.

आता या चारही पुस्तकांना हल्ली एकच शब्द लावतात, 'डार्क'. हा शब्द मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. वेब सिरीजही डार्क, चॉकलेटही डार्क. (हशा) पुस्तकात किती खून पडले, किती रक्त सांडलं, यावरून त्याचा काळेपणा मोजायचा म्हटलं, तर सगळ्यात काळं पुस्तक पोलीस स्टेशनची डायरी. माझी कसोटी वेगळी आहे. गोष्ट सांगणारा त्या गोष्टीत कुठे उभा आहे? आणि तो मला, वाचकाला, कुठे नेऊन उभं करतो? पात्रावर उभी असलेली काळी कादंबरी म्हणजे माझ्या मते एवढंच.

रिप्लीपासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. टॉम रिप्ली हा न्यूयॉर्कमधला भुरटा, हुशार तरुण. एक श्रीमंत बाप त्याला इटलीला पाठवतो, माझ्या मुलाला समजावून परत आण म्हणून. टॉम त्या मुलाला, डिकीला, होडीत मारतो आणि त्याचे कपडे, त्याची सही, त्याचं नाव सगळं घेऊन जगायला लागतो. पोलीस दारात येतात तेव्हा काय होतं सांगू? आपण मनात म्हणतो, सापडू नकोस रे बाबा. मी जन्मभर सह्या पडताळून पाहिल्या, आणि एका खोट्या सहीवाल्यासाठी माझा जीव वर-खाली होत होता. हे हायस्मिथचं मोठं कसब. पण पुस्तक मिटल्यावर मी सुटलो. रिप्ली तिकडे राहिला, मी इकडे. थोडी गंमत वाटली, थोडी लाज वाटली, झोपलो. माझ्या मुलीचा प्रश्न रिप्लीला लागू नाही. त्यानं झोप उडत नाही.

'घाचर घोचर'नं उडवली. लहानसं पुस्तक आहे, दोन बैठकींत संपतं. बंगळुरूमधलं एक कुटुंब. वडील विक्रेते, पगार बेताचा, चार अंधाऱ्या खोल्यांचं घर, घरात मुंग्या. रात्री वडील हिशोबाला बसतात आणि तो जुळेपर्यंत अख्खं घर त्यांच्याभोवती असतं. मग धाकटे काका मसाल्याचा धंदा काढतात, पैसा येतो, मोठं घर येतं. आणि कमावत्या काकांच्या सुखात कुणी आड येऊ नये म्हणून बाकीचं घर एक होतं.

इथे सांगणारा कोण? त्या घरातला मुलगा. कंपनीत नावाला पद आहे, काम काही नाही, पैसे खात्यात जमा होतात. तो दिवसाचा बराच वेळ कॉफी हाऊसमध्ये बसतो. एक प्रसंग सांगतो. घराच्या दाराशी एक बाई येते, डब्यात मसुराची आमटी घेऊन. काकांना आवडते म्हणून तिनं करून आणलेली. घरातल्या बायका तिला शिव्या घालून हाकलतात, आमटी सांडते, तिचा वास दारात पसरतो. काका आत असतात, बाहेर येत नाहीत. आणि आपला निवेदक? तो बघतो. बस, एवढंच करतो. त्याला वाईटही वाटतं. त्याची भाषा सभ्य आहे, मऊ आहे. तो कुणाला मारत नाही, कुणाला शिवी देत नाही. पुस्तक जसजसं पुढे जातं तसतसं कळतं, की त्या घराचं सगळं क्रौर्य या सभ्य माणसाच्या गप्प बसण्यावर चाललंय. त्याची बायको अनिता हिला गप्प बसता येत नाही, आणि तिथेच सगळा गुंता होतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की अनिता माहेरी गेलेली आहे आणि तिची परतायची वेळ होऊन गेली आहे.

यात खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. आई? तिनं गरिबी काढलीय. काका? ते सगळ्यांना पोसतात. प्रत्येकाची बाजू लेखक नीट मांडतो. आणि मांडता मांडता आपल्याला त्या कॉफी हाऊसच्या खुर्चीवर नेऊन बसवतो. मी अर्ध्यात आल्यावर लक्षात आलं, की मला हा माणूस आवडायला लागलाय. हे धोक्याचं होतं.

आता 'वासूनाका'. १९६५ साली हे पुस्तक आलं तेव्हा केवढं वादळ झालं हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आचार्य अत्र्यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला होता. मी ते कॉलेजात असताना चोरून वाचलं आणि पोट धरून हसलो. पोक्या सांगतो, नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत. ती भाषा इतकी जिवंत आहे की आपण न कळत त्या घोळक्यात जाऊन उभे राहतो. आता साठी उलटल्यावर पुन्हा वाचलं. वाक्यं तीच, हसू मात्र त्याच जागांवर घशात अडकलं. कारण प्रत्येक टवाळीच्या पलीकडच्या टोकाला एक मुलगी आहे, आणि तिचं काय झालं हे विचारायला पोक्या थांबत नाही.

इथे माझा भाऊंशी थोडा वाद आहे. त्या पुस्तकातल्या बायकांना आतलं असं फारसं काही नाही. कुणी म्हणेल, ते पोक्याचं आंधळेपण आहे, लेखकाचं नाही. बरंचसं पटतं. सगळं नाही पटत. निवेदक आंधळा असला तरी त्याला न दिसलेलं वाचकाला दाखवता येतं. शानभाग ते करून दाखवतात. निवेदक अनिताला टाळतो, पण आपल्याला ती लख्ख दिसते. भाऊ ते कधी करतात, कधी करत नाहीत. तरीही अत्र्यांपेक्षा मी भाऊंच्या बाजूचा. अश्लीलतेचा आरोप केला की नाक्याकडे बघायची जबाबदारी संपते, हा त्या आरोपाचा मोठा फायदा.

तिसरं पुस्तक 'द व्हेजिटेरियन'. हान कांग यांना २०२४ चं नोबेल मिळालं, त्यानंतर ते आपल्याकडेही बरंच वाचलं गेलं. यंग-ह्ये नावाची बाई एका स्वप्नानंतर मांस खायचं सोडते. आपल्याकडे शाकाहारी होणं ही काय मोठी गोष्ट, असं वाटेल. (हशा) पण त्या घरात तो बंडखोरपणा ठरतो. व्हिएतनाम युद्धात लढून आलेला तिचा बाप भर जेवणात तिला थोबाडीत मारतो आणि तोंडात मांस कोंबतो. ती स्वतःचं मनगट कापते.

पुस्तकाचे तीन भाग. पहिला नवरा सांगतो, दुसरा तिच्या मेहुण्याच्या बाजूनं, तिसरा थोरल्या बहिणीच्या बाजूनं. यंग-ह्येचा स्वतःचा आवाज फक्त पहिल्या भागात, स्वप्नांच्या तुकड्यांत येतो. दुसऱ्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. मेहुणा चित्रफिती करणारा कलावंत. तिच्या अंगावर फुलं रंगवतो आणि कलेच्या नावाखाली तिला वापरतो. ते वर्णन इतकं सुंदर लिहिलंय, की वाचकही त्या फुलांकडेच बघत राहतो. लेखिकेला हेच दाखवायचं असेल, असेलही. पण मला वाटतं तिथे तिची लेखणीही थोडी भुलली.

तिसरा भाग मात्र... तो मी दोनदा वाचला. थोरली बहीण, इन-ह्ये, दुकान सांभाळणारी, मूल सांभाळणारी, सगळ्यांचं करणारी. इस्पितळात बहिणीला भेटायला जाते आणि तिला लहानपण आठवतं. बापाचा मार धाकटीच खायची. कारण थोरली शहाणी होती, बापाला स्वयंपाक करून द्यायची. आणि तिला कळतं, की आपलं ते शहाणपण म्हणजे चांगुलपणा नव्हता, जीव वाचवणं होतं. त्याची किंमत दुसरीनं भरली.

इथे मला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. का, ते सांगतो आणि थांबतो.

मी चाळीत वाढलो. आमच्या वरच्या मजल्यावर एक सून होती. नाव सांगत नाही. रात्री वरून आवाज यायचे. भांड्याचा, मग तिचा. चाळीतल्या भिंती कशा असतात तुम्हाला ठाऊक आहे, वरच्या मजल्यावर सुपारी पडली तरी खाली कळते. आवाज सुरू झाला की माझे वडील उठायचे आणि रेडिओ मोठा करायचे. मी तेव्हा दहावीला होतो. अभ्यास चालायचा. वडील अतिशय सज्जन माणूस, उभ्या आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं नाही. एके दिवशी ती सून दिसेनाशी झाली. माहेरी गेली, असं सांगण्यात आलं. सगळ्या चाळीनं ते मानलं. पुढे ती परत आली नाही आणि कुणी विचारलंही नाही. मीही विचारलं नाही. तिचं काय झालं, हे मला आजतागायत माहीत नाही.

ही गोष्ट मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. लपवून ठेवली होती असं नाही, तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. एका कन्नड कादंबरीतली अनिता माहेरी गेली तेव्हा ती आठवली.

तर मुलीला उत्तर असं दिलं, फोनवर. पेपरातली बातमी मला त्या आरोपीपासून लांब ठेवते. ही पुस्तकं मला त्या खोलीत नेतात, जिथे रेडिओ मोठा झालाय, आणि विचारतात, बटणावर हात कुणाचा आहे? अशी पुस्तकं वाचून मी सुधारलो का? माहीत नाही. तसा दावा करणार नाही. पण आमच्या आताच्या सोसायटीतही भिंती फार जाड नाहीत.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यातलं शानभागांचं तेवढं मला पाठवून द्या."