कशेळीचा हत्ती : आकाशातून आणि सड्यावरून

रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांविषयीचे अलीकडचे बरेचसे लेखन ड्रोनने टिपलेली छायाचित्रे समोर ठेवूनच झाले असावे, असे त्यातील निकषांवरून वाटते. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. आकाशातून हा सारा पसारा एका दृष्टिक्षेपात सामावतो आणि मग प्रमाणबद्धता, समतोल अशा चित्रचौकटीच्या निकषांवर त्याचे मूल्यमापन सुरू होते. सपाट सड्यावर उभ्या असलेल्या कोरणाऱ्याला मात्र हे दृश्य मिळणेच शक्य नव्हते.

मानवी डोळ्याला अगदी सुस्पष्ट दिसते ते केवळ सुमारे २ अंशांचे क्षेत्र. नजर सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलते व मेंदू त्या तुकड्यांतून अखंड दृश्य रचतो. शिल्पाच्या एका टोकाशी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा दीड मीटर उंचीवर आहे असे धरल्यास, जवळचे ९ मीटर त्याच्या दृष्टिक्षेत्रातील सुमारे ८० अंश व्यापतात. पलीकडच्या ९ मीटरांच्या वाट्याला जेमतेम ५ अंश येतात. म्हणजे अर्धा हत्ती एका चिंचोळ्या पट्टीत दडपला जातो. आतला लहान प्राणी पायाशी सबंध दिसतो. त्याला सामावणारा हत्ती चालत जाऊन, स्मरणातच जुळवावा लागतो. एकाच रचनेत पाहण्याच्या या दोन रीती एकत्र नांदतात, हे या शिल्पाचे खरे वैशिष्ट्य होय आणि हवाई छायाचित्रात नेमके तेच हरवते.

मेंदूच्या दृक्‌केंद्रातील काही चेतापेशी विशिष्ट दिशेच्या कडांनाच प्रतिसाद देतात, हे १९८१ च्या नोबेलचे मानकरी ह्यूबेल व वीझेल यांनी दाखविले. केवळ रेषेवरून प्राणी का ओळखू येतो, याचा त्यातून काही अंशी उलगडा होतो. पण ती कड आधी दिसली पाहिजे. जांभ्यातील उथळ चरांना सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावलीची धार येते. भर दुपारी तीच रेषा कातळात विरून जाते.

नोंदणीसाठी ड्रोन उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले. शिल्पाभोवती कुंपण घालून बाकीचा सडा बांधकामाला दिला, तर हवाई छायाचित्रात काहीच उणे दिसणार नाही. तिरपे ऊन अडेल आणि हत्तीभोवती फिरण्याची वाट बंद होईल, एवढेच.