सिद्धांत कशास म्हणावे?

पाली व बौद्ध अध्ययनाच्या क्षेत्रातील संशोधन-प्रबंध आमच्या वाचनात वरचेवर येतात. त्यांतील बहुतेकांत 'सैद्धांतिक चौकट' नावाचे एक प्रकरण असते. त्यात चार-दोन पाश्चात्त्य विद्वानांची नावे येतात, त्यांच्या मतांचा सारांश येतो आणि पुढच्या प्रकरणापासून ही मंडळी जी अदृश्य होतात, ती उपसंहारापर्यंत पुन्हा भेटत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या प्रबंधांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे एखादे प्रतिपादन प्रारंभीच उद्धृत होते. मात्र ते पुराव्यांच्या कसोटीला कोठेच लावले जात नाही. पहिल्या ठिकाणी सिद्धांत हा दागिना ठरतो, दुसऱ्या ठिकाणी तो देव्हाऱ्यात जाऊन बसतो. संशोधनाच्या कामी तो दोन्हीकडे येत नाही.

या गोंधळास आपली भाषाही काही अंशी कारण आहे. प्रतीत्यसमुत्पादाला आपण सिद्धांत म्हणतो, उत्क्रांतिवादाला सिद्धांत म्हणतो आणि एखाद्या अभ्यासकाच्या अंदाजालाही तेच नाव देतो. 'सिद्धांत' या शब्दाचा मूळ अर्थ सिद्ध झालेला निष्कर्ष असा आहे. आधुनिक संशोधनात मात्र सिद्धांत हे विखुरलेल्या तथ्यांना कार्यकारणाने जोडणारे आणि म्हणूनच तपासणीस खुले असलेले स्पष्टीकरण असते. तपासणीपूर्वी मांडलेले तात्पुरते विधान म्हणजे गृहीतकृत्य. हा भेद पुसला गेला की वादाला तोंड फुटते आणि संशोधन तेथेच थांबते.

आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनचेच उदाहरण घेऊ. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख आहे. १९७३ साली शां. भा. देव व आर. एस. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष मिळाला. ही झाली नोंद. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. तिच्याशी या अवशेषाचे साम्य आहे. हे झाले निरीक्षण. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, हे झाले गृहीतकृत्य. त्याला अडचणीही आहेत. तेर येथेही तशा घडणीची मूर्ती मिळाली आहे आणि पाँपेईच्या मूर्तीवरील खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडे बोट दाखवते.

सिद्धांत याच्या पुढे असतो. कारागीर आणि व्यापारी यांच्या दानावर संघ उभा राहिला व संघाचे विहार व्यापारी मार्गांच्या आधाराने वाढले, असे कोणी म्हटले, तर भोगवर्धनच्या दात्यांचे सांचीतील दान, भोकरदनचे हस्तिदंती काम आणि पितळखोरा-अजिंठ्याची लेणी या वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका सूत्रात येतात. अन्यत्र काय सापडावे आणि काय सापडल्यास हे मत डळमळेल, हेही त्यावरून सांगता येते.

याच दृष्टीने बाबासाहेबांचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा ग्रंथ वाचावा, असे आमचे नम्र मत आहे. वाताहत झालेल्या टोळ्यांतील माणसे गावाबाहेर वसली, ती बौद्ध होती, त्यांनी गोमांसभक्षण सोडले नाही आणि इ. स. ४०० च्या सुमारास ती अस्पृश्य ठरली, हे त्यांचे प्रतिपादन सर्वांना ज्ञात आहे. त्याच्या प्रस्तावनेकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. भोवतीच्या सर्व तथ्यांशी जे जुळते, त्यांचा उलगडा करते आणि एरवी त्यांना नसलेला अर्थ देते, ते गृहीतकृत्य तूर्त ग्राह्य धरावे, ही कसोटी तेथे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली आहे. आपले म्हणणे अंतिम असल्याचा दावा त्यांनी केला नाही. स्टॅन्ले राइस यांची वंशभेदाची उपपत्ती त्यांनी मानवमितीच्या मोजमापांवर तपासून नाकारली. फाहियानाच्या वृत्तांतातील चांडाळांचा उल्लेख त्यांच्या कालनिर्णयाला अडचणीचा होता. तो न दडवता त्यांनी त्याची चिकित्सा केली. अडचणीचा पुरावा स्वतःहून समोर ठेवणे, हेच सिद्धांतकाराचे लक्षण होय.

म्हणून या मांडणीला केवळ कल्पना म्हणून झटकणारे तिच्यावर अन्याय करतात. परंतु तिला सूत्रवचन मानून प्रश्न बंद करणारे आपले बांधवही तिचा सन्मान करीत नाहीत. मातंग जातक व चित्त-संभूत जातक यांत चांडाळांच्या दर्शनानेही विटाळ मानल्याच्या कथा आहेत. एका तरुण अभ्यासकाने हा पुरावा आपल्या प्रबंधातून वगळला, कारण तो बाबासाहेबांच्या विरुद्ध जाईल अशी त्याला भीती वाटली. त्याची भावना आम्ही समजू शकतो. पण जातकांतील गाथा जुन्या आणि गद्यकथा अट्ठकथेतील, म्हणजे साधारण पाचव्या शतकातील संकलनातील आहेत. विटाळाचा प्रसंग गद्यात आहे की गाथेत, तो चांडाळांपुरता आहे की गावाबाहेरच्या सर्वांना लागू होतो, हे तपासण्यासाठीच तर पालीचे अध्ययन करावयाचे! त्या तपासणीतून ही मांडणी अधिक बळकट होईल किंवा तिच्यात दुरुस्ती होईल. दोन्ही परी ती जिवंत राहील. वगळलेला पुरावा मात्र उद्या विरोधकाच्या हाती पडेल आणि तेव्हा उत्तर देण्याची आपली तयारी नसेल.

केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी केलेला उपदेश आपण परंपरेच्या विरोधात नेहमी सांगतो. त्याच यादीत 'तक्क' आणि 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति' ही पदेही आहेत, हे आपण विसरतो. केवळ तर्काला पटते म्हणून किंवा आपण मनात घोळविलेल्या मताशी जुळते म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नये, असा त्याचा आशय आहे. तो उपदेश मुख्यतः आचरणातील कुशल-अकुशलाविषयी असला, तरी संशोधकाने तो स्वतःस लावून घ्यावा.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे, की प्रबंधात कोणाचे नाव आहे यावरून सिद्धांत ठरत नाही. ते विधान कोणती तथ्ये जोडते, का जोडते आणि कोणता पुरावा मिळाल्यास आपण ते बदलू, ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने आपल्या विधानास खुशाल सिद्धांत म्हणावे.